कॅस्ट्रोच्या बारमध्ये पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी किंवा शिकायला कॅलिफोर्नियातल्या बे एरियात आलेली मराठी मुलं-मुली गेली काही वर्षं मला हे प्रश्न विचारत आली आहेत. बहुतेक जण रात्री उशिरा फोन करतात आणि आवाज खाली ठेवून बोलतात, कारण भिंतीपलीकडे रूममेट झोपलेला असतो. मी स्वतः सांगलीचा. सनीव्हेलला राहायला आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो या गे वस्तीत पाऊल टाकायला मला बरेच महिने लागले. तेव्हा कोणी सांगणारं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

कॅस्ट्रो म्हणजे नक्की कोणता भाग? आणि गे बार तिथेच का?

मार्केट स्ट्रीट आणि कॅस्ट्रो स्ट्रीट जिथे मिळतात त्या चौकापासून अठराव्या रस्त्याच्या नाक्यापर्यंत चालायला पाच-सात मिनिटं लागतात. मुख्य वस्ती एवढीच. आणखी काही बार मार्केट स्ट्रीटवर खालच्या अंगाला आहेत. चौकात मोठा इंद्रधनुषी झेंडा फडकत असतो, त्यामुळे चुकण्याची भीती नाही.

पूर्वी ही आयरिश कॅथलिक कामगारांची वस्ती होती. साठच्या दशकात ही कुटुंबं उपनगरांकडे निघाली आणि त्यांची जुनी लाकडी व्हिक्टोरियन घरं स्वस्तात मिळू लागली. देशभरातून घर सोडून आलेल्या गे तरुणांनी ती भाड्याने घेतली, काहींनी विकत घेतली, रंगवली, दुरुस्त केली. पुढे गे हक्कांचे पुढारी झालेले हार्वी मिल्क यांनी १९७३ साली ५७५ कॅस्ट्रो स्ट्रीटला कॅमेऱ्याचं दुकान काढलं ते याच लाटेत.

इथले बार नुसते पिण्याचे अड्डे कधीच नव्हते. सत्तरच्या दशकात ट्रकचालकांच्या युनियनचा कूर्स बिअर कंपनीशी झगडा चालू होता. युनियनने मिल्क यांच्याकडे मदत मागितली. मिल्क यांनी अट घातली की गे माणसांनाही ड्रायव्हरच्या नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत, आणि मग इथल्या बारमालकांनी कूर्स विकणं बंद केलं. १९७७ साली अनिता ब्रायंट या गायिकेने फ्लोरिडात समलिंगी लोकांच्या हक्कांविरुद्ध मोहीम काढली. ती फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसाची जाहिरात करायची, म्हणून बारमधून संत्र्याचा रस घातलेली पेयंच काढून टाकली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिल्क शहराच्या सुपरवायझर मंडळावर, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक म्हणून, निवडून आले. त्यांचे मतदार याच टेबलांवर आणि याच काउंटरवर जमले होते.

इथे ‘गे नाइट’ कोणत्या वारी असते?

हा प्रश्न हमखास मुंबईहून आलेला माणूस विचारतो, आणि तो का विचारतो हे मला कळतं. मुंबईत कायमचा गे बार ही गोष्टच नव्हती, तिथे रात्री असायच्या. कुलाब्याच्या वूडूमध्ये शनिवारी रात्री आपले लोक जमत. पुढे ‘गे बॉम्बे’ या गटाच्या पार्ट्या सुरू झाल्या. कोणत्या रात्री, कुठे, हे ओळखीतून कळायचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार बोथट केली, तोवर कायद्याची टांगती तलवार होती ती वेगळीच.

कॅस्ट्रोत मंगळवारी दुपारी तीन वाजताही बार उघडा असतो, आणि आत एखादा म्हातारा पेपर वाचत बसलेला असतो. वार पाहावा लागत नाही. पहिली भेट मुद्दाम आडवारी, उजेडात करा असंच मी सांगतो. शुक्रवारी रात्री अकराला संगीत इतकं मोठं असतं की नवख्या माणसाला कोणाशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत.

सगळ्यात आधी कुठे जाऊ?

ट्विन पीक्स टॅव्हर्न. चौकाच्या कोपऱ्यावरच आहे, दारावर इंद्रधनुषी बाण चमकत असतो. नाव दुसरं कोणतंही असतं तरी मी तिथेच पाठवलं असतं, कारण त्या बारला खिडक्या आहेत.

हे जरा सविस्तर सांगतो. जुन्या काळी गे बार रस्त्यावरून ओळखूही येत नसत. खिडक्या नसायच्या, असल्या तर रंगाने काळ्या केलेल्या. बाहेरून कोणी पाहिलं तर नोकरी जायची. छाप्यात पकडलेल्यांची नावं पेपरात छापून यायची. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ बीचमधल्या ब्लॅक कॅट बारच्या खटल्यात निकाल दिला की केवळ समलिंगी लोक जमतात एवढ्यावरून परवाना काढून घेता येणार नाही. तरी सरकारने नवा कायदा करून पुन्हा तेच सुरू केलं आणि १९६३ मध्ये ब्लॅक कॅटचा दारूचा परवाना गेला. याच बारमध्ये स्त्रीवेशात गाणारे होझे सारिया १९६१ साली सुपरवायझरपदासाठी उघडपणे गे म्हणून उभे राहिले. ते निवडून आले नाहीत, पण पाच हजारांहून जास्त मतं पडली आणि शहरातल्या पुढाऱ्यांनी ती मोजली.

या सगळ्यानंतर १९७२ साली दोन मैत्रिणींनी ट्विन पीक्स चालवायला घेतला आणि रस्त्याच्या बाजूला जवळजवळ छतापर्यंत काचा लावल्या. आतला माणूस बाहेर दिसावा, बाहेरचा आत. त्या दोघी बाया होत्या हेही लक्षात घ्या. कॅलिफोर्नियात बाईने बारच्या काउंटरमागे दारू ओतण्यावरची कायदेशीर बंदी १९७१ मध्येच उठली होती. २०१३ साली शहराने या बारला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरच्या ट्रामच्या थांब्यावर चाळीस मिनिटं उभा होतो आणि तसाच परत आलो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा खिडकीतल्या एका सत्तरीच्या माणसाने मला पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला, बाकी काही नाही. मी आत गेलो. त्याने नाव विचारलं, मी खोटं सांगितलं, आणि अर्ध्या तासाने खरं सांगितलं. सांगलीबाहेर पडल्यापासून इतका हलका मी कधीच झालो नव्हतो.

मी दारू पीत नाही. मग बारमध्ये काय करू?

बसा. क्रॅनबेरी-सोडा मागा, लिंबू पिळलेला सोडा मागा, काही ठिकाणी बिनदारूची बिअर मिळते. कोणी वळूनही पाहत नाही. संकष्टीला मी सोडा घेऊन बसलेलो आहे. इथे दारू सोडलेल्या लोकांची संख्या मोठी आहे, त्यामुळे ‘एक तरी घे’ असा आग्रह मला आपल्याकडच्या लग्नात जितका झाला तितका इथे कधीच झाला नाही. सोड्यालाही टिप मात्र ठेवा.

आत गेल्यावर नेमकं काय करायचं असतं?

दारावर ओळखपत्र दाखवायचं. वय २१ पूर्ण हवं. अमेरिकन लायसन्स नसेल तर मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही. मग काउंटरपाशी जाऊन बारटेंडरची नजर मिळेपर्यंत थांबायचं. नोट हलवू नका, हाक मारू नका. एक पेय घेऊन रोख दिलं तर डॉलर-दोन डॉलर काउंटरवर ठेवा. कार्ड देऊन खातं उघडं ठेवलंत तर शेवटी अठरा-वीस टक्के. निघताना कार्ड परत घ्यायला विसरू नका.

सिगारेट आत ओढता येत नाही, बारमधली धूम्रपानबंदी १९९८ पासून आहे. रात्री दोन वाजता दारू देणं कायद्यानेच बंद होतं, त्याच्या आधी दिवे उजळतात.

कोणत्या बारमध्ये कसली माणसं असतात?

आठवड्यागणिक बदलतं, म्हणून ढोबळच सांगतो. लुकआउट पहिल्या मजल्यावर आहे, बाल्कनीतून मार्केट स्ट्रीट दिसतो, उन्हं उतरताना तिथे उभं राहण्यासारखं सुख नाही. हाय टॉप्समध्ये पडद्यांवर सामने चालू असतात. क्रिकेट नव्हे, पण खेळाची गोडी असणाऱ्याला बोलायला विषय मिळतो. मोबी डिक हा अठराव्या रस्त्यावरचा शेजारपाजारच्यांचा बार आहे, काउंटरच्या वर माशांची मोठी टाकी आहे, आणि बुजऱ्या माणसाला नजर ठेवायला ती फार उपयोगी पडते. मिडनाइट सनमध्ये गाण्यांचे व्हिडिओ. ४४० मध्ये दाढीवाले, अंगाने भरलेले, थोडे मोठ्या वयाचे पुरुष जास्त. नाचायचं तर द कॅफे.

चामड्याच्या पोशाखाची मंडळी कॅस्ट्रोत कमी, सोमा भागात फॉल्सम स्ट्रीटकडे जास्त. तिथलाच द स्टड हा १९६६ पासूनचा बार २०२० मध्ये बंद पडला होता. तो आता तिथे काम करणाऱ्यांच्याच सहकारी मालकीचा आहे आणि २०२४ मध्ये नव्या जागेत पुन्हा उघडला. सहकार म्हटलं की सांगलीच्या माणसाचे कान टवकारतात. मी गेलो होतो, आवडला.

मी मुलगी आहे. माझ्यासाठी काय?

खरं सांगायचं तर कॅस्ट्रो हा पुरुषांचा भाग आहे. बायकांना प्रवेश सगळीकडे असतो, पण सगळीकडे मन रमेलच असं नाही. शहरात बायकांचे बार होते. मॉड्स १९६६ ते १९८९ चालला. लेक्सिंग्टन क्लब १९९७ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये बंद झाला. बायकांचे पगार कमी, जागेची भाडी चढी, हे कारण प्रत्येक वेळी पुढे आलं. आज बर्नल हाइट्समधला वाइल्ड साइड वेस्ट आहे, त्याच्या मागे सुंदर बाग आहे. मिशन भागातल्या एल रिओच्या अंगणात सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. माझ्या मैत्रिणी म्हणतात की सुरुवात एल रिओपासून करावी, आणि या बाबतीत मी त्यांचंच ऐकतो.

मी ट्रान्स (पारलिंगी) आहे. मला तिथे कसं वागवतील?

बहुतेक ठिकाणी नीट. तुमचं नाव आणि सर्वनाम (तो, ती की आणखी काही) सांगितलंत की लोक ते वापरतात. मात्र ट्रान्स लोकांचा इतिहास कॅस्ट्रोतला नाही, टेंडरलॉइन भागातला आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये तिथल्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पोलीस हटकायला आले तेव्हा ट्रान्स बायकांनी कपबशा आणि खुर्च्या फेकून त्यांना बाहेर काढलं. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या प्रसिद्ध उठावाच्या तीन वर्षं आधी. त्या भागाला २०१७ पासून ट्रान्स सांस्कृतिक परिसर म्हणून मान्यता आहे. टेंडरलॉइनमध्ये रात्री रस्त्यावर सावध राहावं लागतं, तेव्हा सोबत घेऊन जा.

ओळखीचं मराठी माणूस भेटलं तर?

या प्रश्नावर सगळ्यांची झोप उडालेली असते. माझीही उडाली होती.

एकदा लुकआउटच्या बाल्कनीत मला आमच्या ढोल पथकातला एक जण दिसला. दोघांनीही मान वळवली. मी उरलेली बिअर तशीच ठेवून जिना उतरलो. आठवडाभर पोटात गोळा होता, मंडळात कळलं तर, गावाकडे आईच्या कानावर गेलं तर. पुढच्या रविवारी सरावाला तो माझ्यापाशी आला, माझ्या हातात टिपरू दिलं आणि म्हणाला, “पुढच्या वेळी पळू नकोस, बसू.” आज तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

तो ज्या भीतीने तिथे उभा असतो त्याच भीतीने तुम्हीही उभे असता, एवढं लक्षात ठेवा. आणि एक नियम कडक पाळा. बारमध्ये कोण दिसलं हे बाहेर बोलायचं नाही, चांगल्या हेतूनेही नाही, जवळच्या मित्रापाशीही नाही. कोणाच्या घरी माहीत आहे आणि कोणाच्या नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. फोटो काढताना मागे कोण येतंय ते पाहा. विचारल्याशिवाय कोणाला टॅग करू नका. एका मुलाच्या घरी अशाच एका टॅगमुळे कळलं, आणि त्या घरात पुढचं वर्षभर जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे.

आपल्याकडची माणसं एकत्र भेटतात का?

हो. अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी १९८६ साली बे एरियातच त्रिकोण ही दक्षिण आशियाई समलिंगी लोकांची संस्था सुरू केली. त्यांच्या मासिकाचे अंक भारतातही पोचायचे. मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ १९९० मध्ये निघालं, म्हणजे त्रिकोण त्याच्याही आधीचं. बॉलिवूडच्या गाण्यांवर नाचाच्या रात्री होतात, आणि अनोळखी गर्दीत एकदम ओळखीचं गाणं लागलं की डोळ्यात पाणी येतं, हे मी अनेकांचं पाहिलं आहे.

आपल्या रंगामुळे वेगळं वागवतात का?

कधीकधी, हो. उगाच गोड बोलून फसवणार नाही. काउंटरवर आपल्याला शेवटी विचारलं जातं असं वाटतं, डेटिंग ॲपवर लोक सरळ लिहितात की अमुक रंगाचे नकोत. २००४ च्या सुमारास इथल्या एका नावाजलेल्या बारवर काळ्या गिऱ्हाइकांना अडवल्याचा आरोप झाला, बाहेर अनेक आठवडे निदर्शनं झाली आणि प्रकरण शहराच्या मानवी हक्क आयोगापर्यंत गेलं. एका ठिकाणी वाईट वाटलं तर त्या ठिकाणचा हट्ट सोडा. शंभर पावलांवर दुसरं दार आहे.

आम्ही नवरा-बायको आहोत, नुसतं पाहायला आलो तर चालेल?

या. पण पाहायला येऊ नका, बसायला या. पेय घ्या, टिप द्या, ड्रॅगचा, म्हणजे बहुधा पुरुषांनी स्त्रीवेशात केलेला, कार्यक्रम असेल तर कलाकाराला डॉलरची नोट द्या, आणि मोबाइल खिशात ठेवा. तुमच्या भाच्याला किंवा ऑफिसातल्या मुलाला आधार द्यायचा म्हणून येत असाल तर तुम्हाला दुप्पट जागा आहे.

साठी-सत्तरीची माणसं काही बारमध्ये इतकी कमी का दिसतात?

हा प्रश्न मला एका विशीतल्या मुलाने सहज विचारला होता. त्याचं उत्तर असं की ती माणसं गेली. अठराव्या रस्त्याच्या नाक्यावर तेव्हा स्टार फार्मसी होती. १९८१ च्या अखेरीस बॉबी कॅम्पबेल नावाच्या नर्सने स्वतःच्या पायांवरच्या जखमांचे फोटो त्या फार्मसीच्या काचेवर लावले, म्हणजे इतरांना लक्षण ओळखता यावं. रोगाला तेव्हा नावही नव्हतं. एड्सने पुढच्या पंधरा वर्षांत या गल्ल्या रिकाम्या केल्या. बारमध्ये डबे फिरायचे, जमलेल्या पैशातून आजाऱ्यांना जेवण जायचं. क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून १९८७ मध्ये मृतांच्या नावांची गोधडी शिवायला सुरुवात झाली. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी करतात, तशी मित्रांच्या शर्टांची.

ट्विन पीक्समध्ये जो म्हातारा भेटेल तो त्यातून वाचलेला आहे. त्याने बोलायला सुरुवात केली तर घड्याळ पाहू नका. अठराव्या रस्त्यावर समलिंगी इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. बारमध्ये बसण्याआधी दुपारी तिथे जाऊन या.

कोणाच्या घरी जायचं झालं तर काय काळजी घेऊ?

आपल्या एका मित्राला पत्ता पाठवून ठेवा. प्रेप ही एचआयव्ही टाळणारी गोळी अमेरिकेत २०१२ पासून मिळते. ४७० कॅस्ट्रो स्ट्रीटला स्ट्रट नावाचं केंद्र आहे, तिथे तपासण्या होतात, आणि कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. कंडोम बहुतेक बारमध्ये फुकट ठेवलेले असतात. आपला ग्लास सोडून जाऊ नका. अनोळखी माणसाने दिलेली पूड किंवा गोळी घेऊ नका, त्यात फेंटानिल हे जहाल अमली द्रव्य असेल तर एक खेपही जीवघेणी ठरते. ‘नको’ म्हणणं कोणत्याही क्षणी चालतं, त्याच्या घरात, कपडे काढल्यावरसुद्धा.

व्हिसावर आहे. काही धोका?

गे बारमध्ये जाण्याचा काहीच नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचा खूप मोठा आहे. नुसती अटक झाली, गुन्हा शाबीत झाला नाही, तरी व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. गांजा कॅलिफोर्नियात दुकानात मिळतो, पण केंद्राच्या कायद्याने तो बेकायदाच आहे आणि परदेशी नागरिकाला केंद्राचा कायदा लागतो. नागरिकत्व मिळेपर्यंत हात लावू नका, फोनमध्ये फोटोही ठेवू नका.

साउथ बेहून जायचं-यायचं कसं?

कॅल्ट्रेनने शेवटच्या स्थानकापर्यंत, तिथून एन ट्राम, आणि मार्केट स्ट्रीटखालच्या कोणत्याही स्थानकात के, एल किंवा एम बदलून कॅस्ट्रो स्थानक. फ्रीमाँटकडून बार्टने येत असाल तर पॉवेलला उतरून हीच के, एल किंवा एम ट्राम. वेळ असेल तर वरून जाणारी जुनी एफ ट्राम घ्या, ती ट्विन पीक्सच्या दारातच थांबते. मी उभा होतो तो थांबा तोच.

परतीची कॅल्ट्रेन आणि बार्ट दोन्ही मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात, म्हणून बारमधून सव्वाअकराला तरी निघा. गाडी चुकली तर टॅक्सीचे पैसे दुसऱ्या दिवशी डोळ्यात येतात. दोघं-तिघं मिळून गेलात तर तेही जमतं. एकटे असाल आणि पहिलीच वेळ असेल तर मला आधी फोन करा. गुरुवारी संध्याकाळी मी बहुतेक तिथेच खिडकीत असतो, शेजारची खुर्ची मोकळी ठेवेन.